चिवड्याच्या तब्येतीची वही

१२ जानेवारी २०२५, रविवार

मंजुषा मॅडमनी सांगितलं म्हणून लिहायला बसले आहे. त्या इथल्या, मोशीतल्या, जनावरांच्या डॉक्टर. म्हणाल्या, कुत्रा काय खातो, किती पाणी पितो, किती वेळा शू करतो, सगळं रोज लिहा, आठवणीवर जाऊ नका. घरात कोरी वही सापडली नाही. कंपनीत खोक्यांच्या व्हेंडरनं दिलेली डायरी होती, ती काढली.

सकाळी आबा, म्हणजे माझे सासरे, चिवड्याला फिरवून आणत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो बसला तो उठेनाच. आबांनी खालून हाक मारली. गणराज पळत गेला आणि त्याला उचलून वर आणलं. (नवऱ्याला तोंडावर अहो म्हणते. वहीत नाव लिहायला कोण अडवतंय.) चिवड्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. दवाखान्यात सलाइन लावल्यावर दुपारी उभा राहिला. मॅडम म्हणाल्या, अंगात रक्त कमी आहे, ते कुठं जातंय ते शोधावं लागेल. बुधवारी सोनोग्राफी.

चिवडा अकरा वर्षांचा झाला. गणराजनं चाकणला कंपनीच्या गेटवरून आणला तेव्हा जॅकेटच्या खिशात मावला होता. दिव्या तेव्हा तीन वर्षांची. तिच्या ताटलीतला दिवाळीचा चिवडा यानं संपवला, तेव्हापासून हे नाव. आता दिव्या नववीत आहे.

आज: दहीभात अर्धी वाटी. पाणी दोन वाट्या. शू चार वेळा, रंग गडद पिवळा.

१३ जानेवारी, सोमवार

लाइनवर तीन मुली गैरहजर होत्या. आमच्याकडं गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बनतात, एका टेबलाला माणूस कमी पडला की पुढची सगळी टेबलं थांबतात. दिवसभर मीच उभी राहिले. पाय गेले.

मी घरी नसते तेव्हा चिवड्याची नोंद आबा ठेवणार. कॅलेंडरच्या पाठीमागं पेन्सिलीनं रेघा ओढतात. भोसरीच्या फाउंड्रीत तीस वर्षं काढली त्यांनी, हिशेबाला चोख.

आज: भात नाही. उकडलेलं अंडं एक. पाणी तीन वाट्या. शू पाच वेळा.

१५ जानेवारी, बुधवार

हाफ डे टाकला. आबाही आले, चिवडा त्यांच्याशिवाय रिक्षात चढत नाही.

पोटात प्लीहेवर गाठ आहे. लिंबापेक्षा मोठी. मॅडमनी पडद्यावर दाखवली, मला काळ्या-पांढऱ्या ढगांशिवाय काही दिसलं नाही. त्यातूनच थोडं थोडं रक्त आत झिरपतंय. कधीही फुटू शकते, आणि फुटली तर तासा-दोन तासांचा खेळ. ऑपरेशन करून प्लीहाच काढून टाकायची. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, "अशा गाठी निम्म्या वेळा साध्या निघतात, निम्म्या वेळा वाईट. काढून तपासल्याशिवाय सांगता येत नाही. वाईट निघाली तर ऑपरेशन करूनही दोन-तीन महिनेच मिळतील." खर्च पंचावन्न ते साठ हजार, रक्त चढवावं लागलं तर आणखी.

मी खर्चाचा आकडा तळहातावर लिहून घेतला. आबा मात्र एकेक विचारत राहिले. "भूल दिल्यावर समदी उठत्यात का, मॅडम?" त्या म्हणाल्या, बहुतेक उठतात, वय जास्त असलं की थोडा धोका. मग म्हणाले, "आन लघवीची धार बारीक येती, थांबून थांबून, कवा रगत दिसतं, ते कशानं व्हतं?"

"याला तसं होतंय का?"

"न्हाई. आपलं इचारलं."

मॅडम हसल्या. म्हणाल्या, नरांमध्ये म्हातारपणी प्रोस्टेट सुजतं, कुत्र्यांतही होतं, वेळेवर दाखवलं तर इलाज सोपा असतो. आबांनी मान डोलावली. या वयात माणसाला किती कुतूहल असतं याचं मला नवल वाटलं.

आज: पाणी दोन वाट्या. शू चार वेळा.

१६ जानेवारी, गुरुवार

संध्याकाळी कामावरून आल्यावर आम्ही दोघं हॉलमध्ये बोललो. दिव्या क्लासला गेली होती. आबा बाल्कनीत चिवड्यापाशी बसले होते.

गणराज म्हणाला, "करून टाकू." एवढंच. पुढं काही नाही. त्याच्याकडून एवढंच यायचं हे मला ठाऊक होतं, म्हणून पुढचं मी बोलले. फ्लॅटचा हप्ता, दिव्याच्या दहावीच्या क्लासची फी एप्रिलमध्ये, माझा ओव्हरटाइम बंद झालेला. मग म्हटलं, पैशाचं सोडून देऊ. अकरा वर्षांचं शरीर आहे. माणसाच्या मापानं सत्तरी ओलांडली. एवढं सगळं करून किती दिवस? म्हाताऱ्या अंगाला भूल द्यायची, फाडायचं, नळ्या घालायच्या, आपल्या मनाच्या समाधानासाठी. त्याचं जे आयुष्य व्हायचं ते झालंय. शांतपणे जाऊ द्यावं.

गणराज मोबाइल बघत बसला. मला माझं बोलणं पटलं होतं. घरात कुणीतरी डोकं ठिकाणावर ठेवायला हवं.

लिहायचं राहिलं: शू तीन वेळा. पाणी कमी.

१८ जानेवारी, शनिवार

दिव्या माझ्याशी बोलत नाही. तिला गणराजनं सांगितलं वाटतं. सायकल विकते म्हणाली. ती सायकल दोन हजारांनासुद्धा जायची नाही.

आबांचंही काहीतरी बिनसलंय. दुपारचा चहा सोडला. पाणी विचारलं तर "नको, आत्ताच घेतलं." बाहेर कट्ट्यावर म्हाताऱ्यांच्यात जातात तेही बंद. मी म्हटलं, "आबा, रुसलात का चिवड्यावरून?" म्हणाले, "न्हाई गं पोरी. मी कशाला रुसू."

चिवडा: अंडं खाल्लं. पाणी तीन वाट्या. शू पाच वेळा, रंग ठीक.

२१ जानेवारी, मंगळवार

घरी आले तर टेबलावर बँकेचा कागद. आबांची ठेव, साठ हजारांची. मला समोर बसवलं आणि म्हणाले, "हे मोडा आन त्याचं करून घ्या."

मी नको म्हटलं. हे पैसे त्यांनी स्वतःच्या दवापाण्याला ठेवले होते, सासूबाई गेल्यानंतर, दर वर्षी नूतनीकरण करून. तसं बोलूनही दाखवलं.

"मला काय धाड भरलीया," आबा म्हणाले. "माझं सगळं ठीक हाय. त्या मुक्या जिवाला बोलता येत न्हाई, त्याचं आधी बघा."

गणराज आला तेव्हा त्यालाही तेच सांगितलं. त्याचे डोळे भरले, तो आत गेला. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. खर्च करायचा की नाही हे माझ्या अंगावर राहिलं नाही. पण मॅडमना आधीच सांगून ठेवलं, साठच्या वर आम्हाला जमणार नाही, मध्येच आकडा वाढला तर फोन करा.

२५ जानेवारी, शनिवार

आज झालं ऑपरेशन. सकाळी नऊला आत नेला, साडेबाराला बाहेर. रक्त चढवावं लागलं नाही.

आबा बाकावर बसून होते, पण सारखे उठत होते. दर वीस मिनिटांनी दवाखान्याच्या मागच्या बाथरूमला. जायचे, बराच वेळ लावायचे, परत येऊन बसायचे. कपाळावर घाम. मॅडमनीही मला बाजूला घेऊन विचारलं, "आजोबांना बरं नाही का?" मी म्हटलं, काळजीनं होतं त्यांना असं, चिवड्यावर फार जीव आहे.

चिवडा शुद्धीवर आला तेव्हा आधी आबांनीच बघितलं. काचेला नाक लावून उभे होते. शेपटी एकदा हलली. आबा माझ्याकडं वळून म्हणाले, "उठला. अगं, उठला बघ." त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

गाठ मुंबईला तपासायला पाठवली. दहा दिवस.

२९ जानेवारी, बुधवार

चिवडा घरी. पोटावर हातभर टाके, गळ्यात प्लास्टिकचा कर्णा, दाराच्या चौकटींना धडकतो. दिव्या त्याच्याशेजारी चटई टाकून अभ्यास करते. माझ्याशीही बोलायला लागली.

आबा हल्ली आपले कपडे स्वतः धुतात, पहाटेच, मशीनला लावू देत नाहीत. म्हणाले, हाताला काम पाहिजे. मी नाही म्हटलं नाही, तेवढाच त्यांचा वेळ जातो.

चिवडा: पेज एक वाटी. चिकनचं पाणी. पाणी चार वाट्या. शू पाच वेळा, धार चांगली, रंग स्वच्छ.

४ फेब्रुवारी, मंगळवार

गाठ साधी निघाली.

मॅडमचा फोन लाइनवर असताना आला, टेबलांच्या मध्ये उभं राहून ऐकला. तपासणीत काही वाईट नाही. "आता दोन-तीन वर्षं सहज काढेल." मी मुलींना सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. येताना पेढे आणले.

घरी चिवड्याला पेढा द्यायचा नव्हता तरी दिव्यानं चाटवला. आबांनी पेढा हातात घेऊन ठेवला. मग स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि म्हणाले, "तनुजा, जरा बोलायचं व्हतं." तेवढ्यात माझ्या बहिणीचा, रूपालीचा, व्हिडिओ कॉल आला. मी म्हटलं, आबा, दोन मिनिटं. ती चिवड्याला बघायचं म्हणून अडून बसली. नंतर बघितलं तर ते खोलीत आडवे झाले होते. पेढा टेबलावर तसाच.

उद्या विचारीन.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज घडलं तसं लिहिते.

साडेअकराला कंपनीच्या ऑफिसात माझ्यासाठी फोन. दिव्या. शाळेला सुट्टी होती म्हणून घरी होती ते बरं. "मम्मी, आबा पोट धरून ओरडतायत." आबा ओरडतायत हे ऐकून मी तशीच गेटकडं निघाले. ते कधी ओरडत नाहीत. शेजारच्या विक्कीनं रिक्षा आणली, दोघांनी मिळून त्यांना पिंपरीला महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. मी चाकणहून पोचायला एक वाजला. गणराज माझ्या आधी पोचला होता.

कालपासून लघवी झाली नव्हती. पोट असं फुगलं होतं की सदऱ्याची बटणं उघडी होती. नळी घातल्यावर दीड लिटर निघालं, लालसर. डॉक्टर तरुण होता. त्यानं गणराजला विचारलं, "त्रास कधीपासून?" गणराज माझ्याकडं बघायला लागला. मी त्याच्याकडं.

आबांनीच सांगितलं. "दसऱ्यापासनं."

डॉक्टर म्हणाला, प्रोस्टेट खूप वाढलंय, लघवी तुंबून किडनीवर ताण आलाय. चार महिने हे कसं चाललं घरात, कुणाच्या लक्षात आलं नाही का?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

भेटायच्या वेळेत एकटीच गेले. गणराज बिलाच्या खिडकीवर रेशन कार्डाच्या झेरॉक्स देत होता. तिथं फारसे पैसे लागत नाहीत, हे मला कालच कळलं.

आबांचा चेहरा बराच उतरला होता. मी बिस्किटं ठेवली. मग म्हटलं, "आबा, आम्हाला का नाही सांगितलं?"

ते छताकडं बघत म्हणाले, "तू म्हणलीस ते खोटं न्हवतं."

"मी काय म्हणाले?"

"म्हाताऱ्या अंगाला फाडायचं, नळ्या घालायच्या. आपल्या समाधानासाठी."

"आबा, ते चिवड्याचं होतं."

"व्हय. चिवड्याचंच व्हतं. मी कुठं न्हाई म्हणतो." त्यांनी हातावरची सुईची पट्टी चाचपली. "पर बाल्कनीत आमी दोघं बसलो हुतो ना गं."

मी रुमाल डोळ्यांना लावला. शेजारच्या खाटेवरचा माणूस आमच्याकडं बघत होता. आबाच मला म्हणाले, "रडू नको. तुझा वंगाळ हेतू न्हवता, मला म्हाईत हाय." त्यानं जास्तच झालं.

९ फेब्रुवारी, रविवार

ही वही पहिल्यापासून वाचली.

चिवड्याच्या लघवीचा रंग आहे, वेळा आहेत, वाट्या आहेत. आणि त्याच पानांवर आबांचं सगळं आहे. धार बारीक येते म्हणाले ते. रक्त दिसतं म्हणाले ते. चहा सोडला ते, पाणी सोडलं ते, बाथरूमच्या फेऱ्या, पहाटे धुतलेले कपडे. माझ्याच अक्षरात. लाइनवर एक वायर उलट्या रंगाची लागली तर मला लांबून दिसते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आबा नळीसकट घरी. पिशवी कमरेला बांधलेली, वर लुंगी. डॉक्टरनी पुढच्या आठवड्यात ऑपरेशन सांगितलंय. रक्ताची एक तपासणी जास्त आली आहे, म्हणून ऑपरेशनमध्ये जे काढतील ते कॅन्सरसाठी तपासायचं म्हणाले.

आबा नाही म्हणतात. "नळी हाय, भागतंय. मी जामखेडला जाऊन ऱ्हातो. भावकी हाय तिथं."

गणराजनं दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा आवाज चढवला. मग खाली जाऊन गाडी पुसत बसला, स्वच्छ असलेली. मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाला, "त्या दिवशी मी मोबाइल बघत बसलो होतो. मी 'असं कसं' एवढं जरी म्हणालो असतो, तरी आबांनी ते पण ऐकलं असतं."

मला वाटलं होतं तो माझ्यावर चिडेल. चिडला असता तर सोपं गेलं असतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज सुट्टी होती. गणराज आणि दिव्या भाजीला गेले. मी आबांच्या खोलीत जाऊन स्टूल ओढून बसले. चिवडा खाटेखाली होता, टाके काढल्यापासून तिथंच असतो.

मी काही बोलायच्या आधी आबांनीच विचारलं. "माझ्यासाठी किती ठरवलंत?"

हे त्यांनी टोमणा म्हणून विचारलं नाही. खरंच विचारलं. मी खोटं बोलणार होते. आकडा वगैरे काही नाही, लाख लागू देत, असं तोंडाशी आलं होतं. पण ते ओळखतात मला, पंधरा वर्षं एका घरात राहिलोय.

म्हटलं, "आबा, मी मोजणारी बाई आहे. तुमच्यासाठी लाखभर लागले असते तर मी कागद घेऊन बसले असते. कुठून आणायचे, काय थांबवायचं, सगळं मांडलं असतं. तुम्हाला दवाखान्यात मात्र नेलंच असतं. आणि इथं तर पैशाचा प्रश्नच आला नाही. कुणी विचारलंच नाही तुम्हाला. मी विचारलं नाही."

आबा ऐकत होते. मग म्हणाले, "पैशाचं न्हाई निसतं."

"मग?"

"रुक्मिणीला आत नेलं तवा ती माझ्याकडं बघून हसली हुती. परत उठलीच न्हाई."

सासूबाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी. मला माहीत होतं, पण जशी एखादी तारीख माहीत असते तसं. आबांना भूल म्हणजे सासूबाई ज्यातून परत आल्या नाहीत ते दार.

"म्हणून चिवड्याला बघत हुतो," ते म्हणाले. "म्हणलं, हे म्हातारं उठलं, तर मग मी बी सांगीन. रिपोर्ट आला त्या दिवशी सांगणार हुतो."

मी उठून मोबाइल आणला आणि त्यांच्यासमोरच त्या तरुण डॉक्टरला फोन लावला. स्पीकरवर टाकला. म्हटलं, आमच्या आबांना भुलीची भीती वाटते. डॉक्टर म्हणाला, आजोबा, तुम्हाला झोपवायचंच नाहीये. पाठीत सुई देणार, कमरेखालचं बधिर होणार. तुम्ही जागे, माझ्याशी बोलताय, पाहिजे तर भजन म्हणा.

"म्हंजी मला समदं कळंल?"

"सगळं."

आबांनी फोनकडं बघून मान डोलावली, जणू तो डॉक्टर समोर बसलाय. मग मला म्हणाले, "त्यानं हे पयल्यांदा का न्हाई सांगितलं?" आणि थोड्या वेळानं, "मी बी इचारलं न्हाई म्हणा."

१९ फेब्रुवारी, बुधवार

झालं. पावणेदोन तास. संमतीच्या कागदावर आबांनी स्वतः सही केली, चष्मा मागून घेऊन, प्रत्येक ओळीवर बोट ठेवत. नर्स घाई करत होती. गणराज म्हणाला, "वाचू द्या त्यांना."

बाहेर आणलं तेव्हा थरथरत होते, ओठ कोरडे. मी वाकले तर म्हणाले, "आत रेडिओ लावला हुता. गाणी भिकार हुती."

१ मार्च, शनिवार

रिपोर्ट आला. चिवड्यासारखा स्वच्छ नाही. काही तुकड्यांत कॅन्सरच्या पेशी आहेत. डॉक्टर म्हणाला, हळू वाढणारा प्रकार आहे, या वयात बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवतात, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. वाढलं तर इंजेक्शनं आहेत. दसऱ्यालाच आणलं असतं तर काही वेगळं झालं असतं का, हे मी विचारलं. तो म्हणाला, किडनीवरचा ताण टळला असता, बाकीचं नक्की सांगता येत नाही. त्याच्या उत्तरानं मला आधारही वाटला नाही आणि शिक्षाही.

आबांना आम्ही सगळं सांगितलं. गणराजच्या मनात सांगायचं नव्हतं, मीच सांगू या म्हटलं. त्यांनी "कॅन्सर" हा शब्द एकदा स्वतःशी म्हणून बघितला. मग जेवले. भाकरी अर्धी टाकली.

ठेवीचे साठ हजार परत भरायचे आम्ही ठरवलंय, महिन्याला पाच. आबा म्हणाले, कशाला. मी भरणार आहे.

९ मार्च, रविवार

चिवडा जिने चढतो आता, वळणावर थांबत, पण चढतो. आबा त्याच्यामागून. दोघांना घाई नसते.

गेले आठ दिवस मी रोज कामावरून आले की आबांना विचारते, काय होतंय का? ते रोज म्हणतात, काही न्हाई, बरं हाय. आणि मला कळत नाही की खरंच बरं आहे की पुन्हा तसंच. त्यांच्या तोंडाकडं बघत राहते. त्यांनाही ते कळतं, ते पेपर वर धरतात. विश्वास एकदा गेला की "बरं हाय" एवढ्या साध्या शब्दांवरसुद्धा बसत नाही, आणि घालवला मीच.

आज दुपारी मी कणीक मळत होते. आज सकाळपासून मी विचारलंही नव्हतं. आबा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले, चौकटीला धरून.

म्हणाले, "तनुजा, डावा गुडघा दुखतोय. कालपासनं. जिना उतरताना जास्त."

मी हात धुतले, तसेच ओले घेऊन त्यांना खुर्चीवर बसवलं, लुंगी वर करून गुडघा दाबून बघितला. "इथं? की इथं?" ते म्हणाले, "जरा खाली. हां. तिथं." थोडी सूज होती. मग मला वाटलं सूज नसावी, त्यांचे गुडघे असेच असतील, मी कधी बघितलेलेच नाहीत. दुखत होतं म्हणून आले, की माझ्यासाठी आले, हे मी विचारलं नाही.

तेल कोमट करून लावलं. उद्या संध्याकाळी हाडांच्या डॉक्टरकडं नंबर लावलाय, साडेसहाचा.